एकेचाळीस कोरे फॉर्म

माझं अक्षर चांगलं आहे हे मला चौथीतच कळलं होतं, आणि पुढे त्याचा असा काही ताप झाला की आजही कुणाच्या वहीवर 'सुंदर अक्षर' असा शेरा दिसला की मला त्या पोरीची काळजीच वाटते. आता मीच शाळेत शिकवते आणि तो शेरा मीच मारते, ही गोष्ट वेगळी. बाभुळगावात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं शिलाईचं दुकान. मापाची वही माझ्याकडे असायची. बाबा टेप धरून बोलायचे, "छाती छत्तीस, खांदा साडेसतरा, बाही तेवीस," आणि मी लिहायची. लिहून झालं की म्हणायचे, "वाच." मी वाचायची, ते मान हलवायचे, मगच गिऱ्हाईक सुटायचं. मशीनचा खडखडाट दिवसभर चाले. तो मधेच थांबला की आई आतून ओरडायची, "काहून जी, दोरा तुटला का?"

आई अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारी ती आली की घरात तव्याचा आवाज यायचा, ज्वारीची भाकर पडायची आणि सोबत बहुतेक वेळा चून, म्हणजे पातळ पिठलं, वर कच्च्या तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या चुनाचा मला तेव्हा भारी कंटाळा होता. आता तेच करून खाते आणि आईसारखं जमत नाही म्हणून स्वतःवरच चिडते. एकदा एका शाळेच्या गणवेशाचं मोठं काम बाबांकडे आलं होतं. आणणारा माणूस म्हणाला, लहान, मधला, मोठा अशी तीन मापं काढा अन् शिवून टाका, पोरं कशीही घालतील. बाबांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. "माणूस समोर उभं राह्यल्याबिगर मी माप लिवत नाही," म्हणाले. काम गेलं. आई आठवडाभर बाबांशी धड बोलली नाही, आणि मीही आईच्याच बाजूने होते, कारण त्या कामातून मला नवं दप्तर मिळणार होतं.

मी मुळातच उतावळी. बसले की पाय हलायचा, उभी राहिले की ओढणीचं टोक चावायची. कॉलेज यवतमाळला, रोज सकाळची एसटी. खिडकीजवळ बसून मी गावं पुढे ढकलत असायची, हे गेलं, ते गेलं, आता किती राहिलं. माझी मैत्रीण सुनीता राठोड तिच्या तांड्याहून दुसऱ्या बसने यायची. ती माझ्या अगदी उलट. सावकाश चालायची, सावकाश जेवायची, पण तोंड उघडलं की समोरच्याची काही खैर नसे. "वैशाली, तू मरशीन तवा बी घाईतच मरशीन," असं ती मला कायम म्हणायची.

आम्हाला अर्थशास्त्र शिकवायला गावंडे सर होते. ते तासिकेवर होते, म्हणजे जितके तास शिकवतील तितक्याचे पैसे, आणि दर जूनला पुन्हा नव्याने मुलाखत. बोरी अरबहून एसटीने यायचे. स्टाफरूममध्ये त्यांना ठरलेली खुर्ची नव्हती, त्यामुळे डबा घेऊन ते वाचनालयाच्या पायरीवर बसत. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि पायरीवर आमच्यासारखं. मागणी-पुरवठा शिकवायचा होता तेव्हा त्यांनी आम्हाला बाजारात पाठवलं, भाजीवालीला विचारून या म्हणाले, सकाळचा भाव आणि संध्याकाळचा भाव वेगळा का. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की पुस्तकातलं कुणीतरी आमच्या गल्लीत राहतं. त्यांची एकच खोड होती. फळ्याकडे तोंड करून बोलायचे. मी आणि सुनीता शेवटच्या बाकावर, आम्हाला निम्मं ऐकू यायचं नाही. पण सरांना सांगणार कोण! आपण गप्प बसायचं आणि पुढच्या मुलीची वही आणायची, अशी आमची रीत.

त्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. महिनाभर नुसती धांदल. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, कधी न उघडलेल्या खोलीवर 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी लागली. आणि एक दिवस शिपाई फॉर्मचा गठ्ठा घेऊन वर्गात आला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांचं मूल्यमापन करायचं. सहा शिक्षकांची नावं, दहा प्रश्न, एक ते पाच गुण. नाव लिहायचं नाही. आम्ही जन्मभर दुसऱ्यांकडून गुण घेतलेले, आम्ही कुणाला गुण द्यायचे म्हटल्यावर वर्गात आधी हशा पिकला आणि मग कुजबुज सुरू झाली. पुढच्या बाकावरचा एक पोरगा हळूच म्हणाला, "नाव नसलं म्हणून काय झालं, अक्षरावरून वळखते ना." दुसरा म्हणाला, "अंतर्गत गुण त्याइच्याच हातात आहे बापा. गुपचूप पाच-पाच भरा अन् चला." एकीचं म्हणणं, जे सर परीक्षेत येणारे प्रश्न आधी सांगतात त्यांना पाच आणि बाकीच्यांना चार. कुणाला वाटत होतं हे कोणी वाचणारच नाही. कुणाला वाटत होतं हे सगळेच वाचणार. दोन्ही बाजूंनी खरं लिहिण्यात कुणाला काही अर्थ दिसत नव्हता. सुनीताची बस होती, तिने एका मिनिटात वरपासून खालपर्यंत पाचच्या रांगा ओढल्या आणि गेली.

मी मात्र भरला नाही. आठवा प्रश्न होता, 'शिक्षकांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का?' तिथे मी अडकले. गावंडे सरांना बाकी सगळीकडे पाच आणि इथे दोन द्यावे असं माझ्या मनात होतं. मग वाटलं, दोन बघून सरांना वाईट वाटेल. मग वाटलं, न लिहून तरी काय होणार? पेन उघडायचं, बंद करायचं. तेवढ्यात तास संपला आणि माझा फॉर्म कोराच राहिला. वर्गात पटावर आम्ही सहासष्ट, भरून आले पंचवीस.

दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या पासच्या अर्जावर शिक्का घ्यायला ऑफिसात गेले. जुना पास संपला होता, शिक्क्यासाठी तिसरी खेप होती माझी. बाबूंनी माझा अर्ज पाहिला आणि म्हणाले, "अक्षर भल्ली चांगलं आहे वं तुयं." मग खणातून उरलेले कोरे फॉर्म काढले. "पट पुरा दिसला पाह्यजे. एवढे भरून दे. बस अन् भर, शिक्का लगेच मारून देतो." मी माझाही कोरा फॉर्म दप्तरातून काढून त्यातच ठेवला, म्हटलं एकदमच भरू. एकेचाळीस झाले. बाबूंनी मला चार वेगवेगळे पेन दिले आणि वर एक सूचनाही दिली. "सगळ्याइले चांगलंच नोको भरू. समितीले खोटं वाटते. कुठंकुठं कमी दे."

आता सांगायला सोपं आहे. पण तिथे त्या लाकडी बाकावर बसून माझ्यापुढे खरा प्रश्न एकच होता, कमी कुणाला द्यायचे? इतिहासाच्या मॅडम माझं अक्षर ओळखत होत्या. मराठीच्या सरांकडे माझे अंतर्गत गुण होते. राज्यशास्त्राचे सर तर त्या दोन तासांत तीनदा ऑफिसात येऊन गेले. राहिले गावंडे सर. त्यांच्या हातात माझं काहीच नव्हतं. आणि त्यांना कळलं तरी ते रागावणार नाहीत, हेही मला पक्कं माहीत होतं. पहिल्या चार-पाच फॉर्ममध्ये मी त्यांना जपून तीन दिले. मग हात भराभर चालायला लागला. डाव्या हाताने गुण लिहून पाहिले, आकड्यांची वळणं बदलून पाहिली, मला त्याची गंमतसुद्धा वाटत होती. दुपार होईपर्यंत कमी गुण म्हणजे गावंडे सरांचा रकाना, असं हाताला वळणच पडलं. तीसेक फॉर्ममध्ये बहुतेक एक आणि दोनच. आणि आठव्या प्रश्नाला काय दिलं? वाचायचा कंटाळा आला होता, सगळ्यांना पाच. बाबूंनी शिक्का मारला. मी चारची बस पकडली आणि खिडकीत बसून खारे दाणे खाल्ले. काय मूर्ख पोरगी होती मी!

समिती आली, जेवली, गेली. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली, पेढे वाटले. जूनमध्ये आम्ही शेवटच्या वर्षाला गेलो आणि वेळापत्रकात अर्थशास्त्रापुढे भलतंच नाव. सुनीता शिपायाकडून खबर काढून आली. गावंडे सरांना मुलाखतीत सांगितलं की विद्यार्थ्यांचा अभिप्राय प्रतिकूल आहे, समितीच्या अहवालातही तसं आलंय. "कोन लिवलं असन वं असं?" सुनीता व्हरांड्यात उभी राहून विचारत होती. "एकाचं तरी तोंड पाहू दे मले." मी ओढणीचं टोक दातात धरून उभी. तिने दहा-बारा जण गोळा केले, मलाही हाताला धरून ओढलं, आणि आम्ही प्राचार्यांच्या खोलीत गेलो.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, मग कपाटातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे तुमचंच आहे ना? तुमच्याच वर्गाचं?" पोरं वाकून बघायला लागली. एक, दोन, एक, एक, दोन. हिरव्या पेनाने काढलेले माझे आकडे मला लांबूनच दिसले. खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मी पाहिलं की प्रत्येकाच्या डोळ्यात तोच संशय होता, तू का? तू का? पंचवीस जणांनीच भरलं होतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं, सहासष्ट फॉर्म आहेत हे कुणी मोजलं नाही. बाहेर आल्यावर सुनीता म्हणाली, "आपल्यातच हाय कोनी तरी. मायी याडी म्हनते, घरातला मानूस वळखू येत नाही." तिच्या आईने असं कधी म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचे चार दिवस मला कुठेच करमेना. बसमध्ये बसवेना, भाकर गिळेना, मशीनचा आवाज डोक्यात जायचा. आई म्हणाली, "पाय हालवू नोको वं, खाट हालते." चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. बाबांनी मापं सांगितली, मी लिहिली. "वाच," म्हणाले. मी वाचायला गेले तर वहीत छत्तीसच्या जागी एकेचाळीस. खांदा एकेचाळीस. बाही एकेचाळीस. गिऱ्हाईक हसलं. मी वही तिथेच टाकून आत पळाले आणि पिठाच्या डब्याशेजारी बसून ढसाढसा रडले.

गिऱ्हाइकाला वाटेला लावून बाबा आत आले. मी सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान ओरडतील, असं मला वाटत होतं, आणि खरं तर मला तेच हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या एकेचाळीस पोराइले तू इचारलं होतं का?"

"नाही."

"एकाले बी नाही?"

"नाही बाबा."

त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "जाय. सांगून ये. आदी कालेजात, मंग त्या सराले." आणि जाऊन मशीनवर बसले. मशीन मात्र बराच वेळ सुरू झाली नाही.

बसस्टँडवर मी आधी सुनीताला सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं होतं. ती लाकडी बाकावर बसली. मग म्हणाली, "म्या बी सगळ्याइले पाच-पाच देल्ले होते. वाचलं बी नाही. बस होती ना मायी." ती माझ्यासोबत आली नाही, आणि मीही तिला ये म्हटलं नाही.

प्राचार्यांना मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. "बाळ," म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल, तर समितीला आपण खोटं दिलं. मग श्रेणी खोटी. फाटकावरचा तो बॅनरही खोटा. असं आहे का?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी तब्येत बरी दिसत नाही. घरी जाऊन आराम कर." मी म्हटलं, "पण सर, गावंडे सरांनी काही केलं नव्हतं." ते म्हणाले, "मला माहीत आहे." खरंच असंच म्हणाले. मला माहीत आहे. बाहेर व्हरांड्यात बाबू उभे होते, त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी दुखावल्यासारखं विचारलं, "तुले शिक्का मारून देल्ला होता ना मी?"

तिथून तशीच निघाले आणि दारव्ह्याकडची बस धरून बोरी अरबला उतरले. बाजाराचा दिवस होता. गावंडे मास्तरांचं घर विचारलं तर तिघांनी तीन दिशेला बोट दाखवलं. सापडलं तेव्हा सर अंगणात उकिडवे बसले होते, समोर ओला बारदाना, म्हणजे गोणपाट, पसरलेला आणि त्यावर सोयाबीनचे दाणे. पेरणी तोंडावर आली होती, घरचं बियाणं उगवतं की नाही ते बघायला शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी उघडून मोजतात. मी "सर" म्हणाले तसा त्यांनी हात वर केला. "थांब. बोलू नोको. अठ्ठावन्न झाले." एकेक दाणा उचलून, कोंब पाहून, ते डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवत होते. एका दाण्यावर अडले, उन्हाकडे धरून पाहिला, मग डावीकडे ठेवला. मी उभी होते आणि माझा पाय काही थांबत नव्हता. शंभर झाल्यावर वहीत लिहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हं, बोल."

मी बोलले. शिक्का, चार पेन, डावा हात, काहीच लपवलं नाही. सरांच्या आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. सर म्हणाले, "मले राग आला आहे वैशाली. माय तुले चहा पाजन, पण मले राग आला आहे." मी म्हटलं, "हो सर."

"मीच काहून?"

याचं उत्तर मी बसमध्ये दहा वेळा जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुमची भीती वाटत नव्हती म्हणून."

सरांनी बारदान्याचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "त्या एकेचाळिसात तुया कोनता होता?"

मला आठवेना. माझा फॉर्म मीच गठ्ठ्यात घातला होता, मीच भरला होता, पण कितवा, कोणत्या पेनाने, काय लिहून, काही म्हणजे काही आठवेना. वर्गात तासभर ज्याच्यावर मी अडून बसले होते तोच एक फॉर्म बाकीच्या चाळिसात कुठे गेला ते मला सांगता येईना. "आठवत नाही सर," म्हटलं. सरांनी दाण्यांच्या वहीचं एक पान फाडून पेन्सिलीसकट माझ्यापुढे ठेवलं. "मंग आता भर. दोन वर्षं शिकवलं तुमाले, एक तरी खरा पाह्यजे ना मले. वाईट असला तरी चालन."

मी खाली बसले आणि गुडघ्यावर पान ठेवून लिहिलं. सरांनी बाजारात पाठवलं तेव्हापासून मला अर्थशास्त्र आवडायला लागलं. सर कुणाला हसत नाहीत. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही. तीनच ओळी, पण जन्मात पहिल्यांदा माझं अक्षर वेडंवाकडं आलं. सरांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"ऐकू येत नव्हतं?"

"नाही सर."

"मंग दोन वर्षं काय केलं तुम्ही?"

"पुढच्या मुलीची वही घ्यायचो."

त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि कोंब न आलेले दाणे कोंबड्यांना टाकायला उठून गेले. मी चहा पिऊन निघाले. सरांना त्यानंतर दोन वर्षं कुठेच तास मिळाले नाहीत, ते शेतीच करत होते, हे मला नंतर कळलं. माझ्या सांगण्याने काही सुधारलं असं मी म्हणणार नाही. कॉलेजात तो बॅनर पुढची कित्येक वर्षं होता, उन्हाने पांढरा होईपर्यंत. आता हे सगळं मोबाईलवर आलंय, आणि माझी भाची प्रज्ञा सांगते की वर्गातली एक मुलगी सगळ्यांचे मोबाईल गोळा करून पाच मिनिटांत भरून टाकते. मी तिला काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठलं!

ही प्रज्ञा दारव्ह्याला शिकते. मागच्या दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून ती शिक्षकांच्या नकला करत होती, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. मग ती उठून उभी राहिली, भिंतीकडे गेली, दोन शब्द लिहिल्यासारखं केलं आणि गर्रकन वळली. "हे आमचे अर्थशास्त्राचे गावंडे सर. म्हातारे झाले, पण दर पाच मिनिटाले असेच फिरते अन् इचारते, 'मागं ऐकू येते का?' आम्ही लय हासतो मावशी."

माझं हसू थांबलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगनार? सगळे वरडतो, येते सर, येते म्हनून."

"अन् खरंच येते?"

"हो ना," प्रज्ञा म्हणाली. "मी शेवटच्याच बाकावर बसतो. सगळं ऐकू येते."